गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

"रोज थोडा वेळ उन्हात बसत जा." डॉक्टरांचं हे वाक्य मी दोनदा अगदी जवळून ऐकलं आहे. पहिल्यांदा डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत मी होते. दुसऱ्यांदा 19 वर्षांची एक मुलगी होती आणि मी तिच्यासोबत गेलेली 'ताई' होते. दोन्ही डॉक्टर भले होते, सल्लाही चुकीचा नव्हता. पण दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही. ही मुलगी उन्हात बसणार कुठे?

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तरुण मुलींमधल्या ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत भरपूर छापून येतं. त्यात अंडी खा, दूध प्या, चालायला जा, गोळी घ्या असं सगळं असतं. जात नसते, घर नसतं, मुभा नसते. मी समाजशास्त्र शिकले आणि वस्तीत काम करते. मला हा प्रश्न जिथे दिसला तिथूनच मी तो मांडणार आहे. सुरुवात स्वतःपासून करते, कारण ज्या आजाराबद्दल आपण दुसऱ्या मुलींना बोलायला सांगतो त्याबद्दल स्वतः गप्प राहणं मला पटत नाही.

2013 साली एम.ए. पूर्ण करून मी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला आले. परभणी जिल्ह्यातलं गाव, आईवडील शेतमजूर, घरातली पहिली पदवीधर मी. खोली शोधताना चार ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर "कळवतो" असं उत्तर मिळालं. कळवलं कोणीच नाही. पाचव्या ठिकाणी कॉट बेसिसवर जागा मिळाली. जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाची खोली, सहा मुली, एक खिडकी आणि त्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची भिंत. सकाळी सातला अभ्यासिका गाठायची, रात्री दहाला परत यायचं. अभ्यासिका तळघरात होती. बाहेर दिवस आहे की रात्र हे मोबाइलमधल्या घड्याळावरून कळायचं.

वाड्याला मोठी गच्ची होती. पण मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गच्चीवर जायचं नाही हं मुलींनो, तिथे आमचं वाळवण असतं." उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे. नंतर वर्षाचे गहू, डाळी. एकदा आमच्यातली एक जण ओली चादर घेऊन वर गेली तर तिला विचारलं गेलं, "पाळी नाही ना चालू?" माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी तर कधी जिन्याकडे बघितलंही नाही. पापडांना दिवसभर ऊन मिळत होतं आणि आम्ही सहा जणी ट्यूबलाइटखाली वाळत होतो.

दुसऱ्या वर्षी शरीर कुरकुरायला लागलं. कंबर दुखायची, पिंढऱ्या दुखायच्या, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. दहा तास झोपूनही थकवा जायचा नाही. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली होती. पुस्तकाचं एकच पान तासभर समोर असायचं आणि डोळ्यांतून उगाच पाणी यायचं. आपण नसलो तर घरचा खर्च तरी वाचेल, असं मनात येऊ लागलं. हा विचार मी तेव्हा कोणालाही सांगितला नाही.

अंगदुखीसाठी मात्र डॉक्टरांकडे गेले, कारण अंगदुखी सांगता येते. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. तपासणीला बाराशे रुपये लागले, म्हणजे अर्ध्याहून जास्त महिन्याची मेस. रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व 8 नॅनोग्रॅम आलं. 20 च्या खाली कमतरता, असं रिपोर्टवरच छापलेलं होतं. 60 हजार युनिटची पावडरची पुडी आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, आणि वर ते वाक्य: रोज थोडा वेळ उन्हात बसत जा.

खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्या रडण्याला एक नाव मिळालं होतं, शिवाय ते सांगण्यासारखं नाव होतं. मी आईला फोन केला. डिप्रेशन हा शब्द आईसमोर काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून म्हणाले, "माझं व्हिटॅमिन कमी झालंय, उन्हातून मिळतं ते." आई हसली. म्हणाली, "उन्हातून मिळतंय व्हय? मंग माझ्याकडं लई असंल की. ये माय, घेऊन जा थोडं."

आईचं ते बोलणं मी नंतर कितीतरी वेळा आठवलं आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, तिची मुलगी शिकून सावरून उन्हाला महाग झाली होती. यात प्रगती कुठली आणि नुकसान कुठलं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता थोडं शास्त्राबद्दल, कारण या विषयात अर्धवट माहितीने बरंच नुकसान होतं. ड जीवनसत्त्व मुख्यतः आपली त्वचाच तयार करते. उन्हातले अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की तिथे त्याचा कच्चा माल तयार होतो, मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर काम करून तो शरीराच्या उपयोगाचा बनवतात. हे जीवनसत्त्व कॅल्शियम शोषून घ्यायला लागतं. ते कमी पडलं तर लहान मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडं मऊ पडतात, अंग दुखतं, स्नायू दुबळे होतात. हे किरण काचेतून आत येत नाहीत, म्हणून बंद खिडकीशी बसून उपयोग नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा, म्हणजे साधारण उन्हं वर आल्यानंतर, त्वचेचं काम नीट चालतं. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. अन्नातून मिळणारं प्रमाण थोडं असतं: तेलकट मासे, यकृत, अंड्याचा पिवळा बलक. शालेय पोषण आहारातल्या अंड्याला विरोध करणारे कोण असतात, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

उन्हाचा दुसरा रस्ता डोळ्यांतून जातो. दिवसाचा उजेड डोळ्यांत शिरला की मेंदूतलं घड्याळ लागतं. झोप कधी यावी, जाग कधी यावी हे त्या घड्याळावर ठरतं. 1984 साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या नैराश्याचं वर्णन केलं आणि प्रखर प्रकाशाने त्यावर उपचार करता येतो हे दाखवलं. इथे ड जीवनसत्त्वाचा संबंध नाही, नुसत्या उजेडाचा आहे. म्हणजे कोवळं ऊन त्वचेला फारसं देत नसलं तरी झोपेला आणि मनाला देतं. तळघरातल्या अभ्यासिकेत माझे हे दोन्ही रस्ते बंद होते.

मग ड जीवनसत्त्वाची गोळी घेतली की नैराश्य जातं का? दुकानदार आणि व्हॉट्सअॅप हो म्हणतात. अभ्यास इतकं सरळ सांगत नाहीत. ज्यांना नैराश्य आहे त्यांच्यात हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी सापडतं, हे खरं. पण उदास माणूस घराबाहेर पडत नाही म्हणूनही ते कमी होऊ शकतं. अमेरिकेत 50 वर्षांवरच्या 18 हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज 2000 युनिट, निम्म्यांना खोटी गोळी. 2020 साली निकाल आला. नैराश्य टाळण्यात दोन गटांत फरक पडला नव्हता. ती माणसं वयस्क होती आणि बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, त्यामुळे हा निकाल 19 वर्षांच्या, 8 नॅनोग्रॅमवाल्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पुडी म्हणजे मनाचं औषध, हा समज मात्र सोडून द्यायला हवा.

माझंच उदाहरण घ्या. आठ पुड्यांनंतर रिपोर्ट 34 वर आला. पिंढऱ्या दुखायच्या थांबल्या, जिना चढता येऊ लागला. रडणं थांबलं नाही. शेवटी अभ्यासिकेतली एक सीनियर मैत्रीण मला हाताला धरून सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर बाईंनी झोप विचारली, जेवण विचारलं, घर विचारलं, परीक्षा विचारली. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा गच्चीबद्दल बोलले आणि आडनावाबद्दलही. नऊ महिने औषध आणि बोलणं दोन्ही चाललं. मधल्या काळात मी तो वाडा सोडला आणि येरवड्याच्या एका वस्तीत आपल्याच माणसांच्या शेजारी पत्र्याची खोली घेतली. खोली तापायची, पण दारासमोर ऊन यायचं आणि उंबऱ्यात बसलं तर कोणी हटकायचं नाही. पुडीने हाडं सावरली, औषधाने झोप सावरली आणि त्या उंबऱ्याने मला माणसांत आणलं. यातलं काही एकच निवडा असं कोणी सांगितलं तर मला निवडता येणार नाही.

हे झालं माझ्यापुरतं. आता इतिहासाकडे येते, कारण बायकांना उन्हापासून तोडण्याची गोष्ट अभ्यासिकांच्या फार आधीची आहे.

1922 साली हचिसन आणि शाह यांनी मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याच्या आजारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची निरीक्षणं आपल्या नाशिक भागातली होती. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी, वरच्या वर्गातल्या हिंदू आणि मुसलमान घरांत हा आजार त्यांना सापडला. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळजवळ नव्हता. कारण अन्नात नव्हतं, कोंडण्यात होतं. 1928 मध्ये कॅथलीन वॉन या डॉक्टर बाईंनी पडद्याचा मातृत्वावर काय परिणाम होतो यावर पुस्तकच लिहिलं. त्यांनी काश्मीरमध्ये काम केलं होतं. अंधाऱ्या जनानखान्यात वाढलेल्या मुलींची कमरेची हाडं वेडीवाकडी होतात आणि बाळंतपणात त्याची किंमत त्या जिवाने मोजतात, हे त्यांनी मांडलं.

म्हणजे ज्या कोंडण्याला घराण्याची अब्रू म्हटलं जात होतं, ते बायकांची हाडं मोडत होतं.

आता बाबासाहेबांकडे या. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यांचं म्हणणं आपल्याला ठाऊक आहे. जातीचा कणा म्हणजे जातीतच लग्न, आणि तो टिकवायचा तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या त्या ताब्याच्या तीन वाटा. दुसरी गोष्ट त्यांनी मांडली ती अनुकरणाची. वरच्यांनी जे केलं ते प्रतिष्ठेचं ठरलं आणि खालच्यांनी त्याची नक्कल केली. गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या सिद्धांताचा आधार घेऊन त्यांनी जात कशी पसरली ते समजावलं. एम.ए.ला हा निबंध मी परीक्षेपुरता वाचला होता. तो मला खरा कळला वस्तीत काम करताना.

कारण आज ती नक्कल आपण करतो आहोत. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील", हे वाक्य आता आपल्या घरांत ऐकू येतं. आईच्या पिढीत ते कोणी म्हणत नव्हतं, म्हणणं परवडतच नव्हतं. आता चार पैसे आले, पोरी शिकल्या, आणि मुलगी घरात असणं हे घर सुधारल्याचं लक्षण झालं. मी बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांत स्वयंसेवक म्हणून बसले आहे. फॉर्मवर एक रकाना असतो: 'वर्ण'. त्यात मुली 'निमगोरा' लिहितात आणि मुलांकडचे तो रकाना आधी बघतात. चातुर्वर्ण्य नाकारून 1956 साली धम्म स्वीकारलेल्यांच्या फॉर्मवर वर्णाचा रकाना छापला जातो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही.

कोणी म्हणेल, डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनीच आपल्या स्त्रियांना वरच्या जातीच्या बायकांसारखं लुगडं नेसायला सांगितलं होतं, मग अनुकरणाला नावं का ठेवता? फरक नीट पाहा. महाडला आलेल्या बाया घराबाहेर पडून, परिषदेला येऊन, हजारो माणसांत बसून ते ऐकत होत्या. अस्पृश्यतेची ओळख अंगावर मिरवणारे कपडे आणि दागिने टाका, हा त्या सांगण्याचा अर्थ होता. उंबऱ्याच्या आत बसा, असं त्यात कुठेही नव्हतं. नेसण्याची पद्धत घ्यायची की कोंडण्याची, यातला फरक आपल्या आजींना कळला होता. तो आपल्यालाही कळायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते. मग काय पोरींना पुन्हा शेतात, रस्त्याच्या कामावर उन्हात पाठवायचं? नाही. आईच्या वाट्याला आलेलं ऊन मी गोड करून सांगणार नाही. मे महिन्यात परभणीच्या रानात बाई काम करते तेव्हा ती जीवनसत्त्व गोळा करत नसते, ती उष्माघात चुकवत असते. आणि ऊन होतं म्हणून तिला दुःख नव्हतं असंही नाही. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आई सहा महिने कोणाशी बोलली नाही. गावात म्हणाले, बाहेरचं काहीतरी झालंय. तिला डॉक्टर मिळाला नाही, सुट्टीही मिळाली नाही. ऊन माणसाला सक्तीनेही मिळतं आणि हक्कानेही मिळतं. आईला सक्तीचं मिळालं. मुलींना हक्काचं मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.

आकडेही हेच सांगतात. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ड जीवनसत्त्वाची कमतरता शाळेआधीच्या वयात 14 टक्के, शाळकरी वयात 18 टक्के आणि 10 ते 19 वयोगटात 24 टक्के मुलांमुलींत आढळली, आणि तिथे कमतरतेची रेषा 12 नॅनोग्रॅम इतकी खाली होती. सूर्य या देशात वर्षभर असतो, तरी वय वाढेल तशी कमतरता वाढत जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रिया फक्त 42 टक्के आहेत. हे दोन आकडे वेगवेगळ्या अहवालांत, वेगवेगळ्या खात्यांकडे पडून असतात. मला ते एकाच घरात दिसतात.

त्यातलं एक घर मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या पुनर्वसन इमारतीतलं आहे. मी तिथे पाच वर्षं काम करते आहे. झोपडीच्या बदल्यात पक्कं घर, ही मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी 225 चौरस फूट होतं, मग 269 झालं, आता 300 झालं, आणि दोन इमारतींमधली फट मात्र फारशी वाढली नाही. गोवंडीच्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंडमध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेल्या अभ्यासात खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध दिसतो, हे पुढे आलं. झोपडीत गळायचं, तुंबायचं, पण दार उघडलं की ऊन असायचं. इथे दार उघडलं की काळोखा पॅसेज असतो.

ती 19 वर्षांची मुलगी अशाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचं खरं नाव लिहीत नाही, सुजाता म्हणू. लॉकडाऊनमध्ये शाळा सुटली ती सुटलीच. घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवते. ट्यूबलाइट सकाळपासून चालू. तिची आई घरकामाला जाते. तिने मला अडवून विचारलं, "ताई, हिला काय झालंय बघा ना. नुसती झोपते, उठली की अंग दुखतं म्हणते, बोलायला गेलं की रडते." रिपोर्टमध्ये जीवनसत्त्व 9 आलं. पुड्या मिळाल्या. घरच्यांना हायसं वाटलं, "व्हिटॅमिनच कमी होतं, आम्हाला वाटलं काय नि काय." मी तो सुटकेचा सुस्कारा ओळखला. दहा वर्षांपूर्वी मीही तसाच सोडला होता.

उन्हाचं काय, विचारलं तर भाऊ म्हणाला, खाली पोरं उभी असतात, तिथे नको. गच्चीला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. कुलूप का, तर "पोरी वर जाऊन फोनवर बोलतात." इमारतीत निळे झेंडे आहेत, प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, 14 एप्रिलला डीजे लागतो. आणि किल्लीचं कारण मात्र माझ्या मालकीणबाईंना शोभेल असं. त्यांच्या गच्चीवर वाळवण होतं, आमच्या गच्चीवर अब्रू.

आम्ही दोन गोष्टी केल्या. सुजाताशी तिच्या आईसमोर न बोलता वेगळं बोललो. तिच्या मनातही तेच आलं होतं जे माझ्या मनात आलं होतं. तिच्यासोबत बसून 14416 वर, म्हणजे सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर फोन लावला. हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मग महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेत मानसोपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, उपकार नव्हे, हे आम्ही तिच्या भावाला समजावून सांगितलं.

दुसरी गोष्ट, किल्ली. सोसायटीच्या बैठकीत मी, सुजाताची आई आणि आणखी सहा जणींच्या आया गेल्या. दोन तास वाद झाला. सकाळी साडेदहा ते साडेअकरा, फक्त मुली आणि बाया, या अटीवर किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या आणि कठड्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी खड्यांचं काम वर आलं. महिन्याने लगोरी आली. सुजाता आता रात्री झोपते. बोलते. औषध चालू आहे. बरी झाली असं मी म्हणणार नाही, वाटेवर आहे.

तीन महिन्यांनी एका मुलीला वर फोनवर बोलताना कोणीतरी पाहिलं आणि कुलूप परत लागलं. सध्या आमची दुसरी बैठक व्हायची आहे.

गोव्यात 'संगात' संस्थेने नैराश्यासाठी एक पद्धत तपासली आणि तिचे निकाल 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ वेळा रुग्णाला भेटतात आणि त्याला पुन्हा कामात, माणसांत, घराबाहेर यायला मदत करतात. नेहमीच्या उपचारांना याची जोड दिली तेव्हा गुण अधिक आला. म्हणजे वस्तीतली शिकलेली ताईही हे काम करू शकते, तिला फक्त शिकवावं लागतं. पण घराबाहेर पडा, असं सांगण्याआधी बाहेर जागा असावी लागते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलीचं अंग सतत दुखत असेल, थकवा जात नसेल तर रक्त तपासा, पुडी डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्या. ती आठवड्याची पुडी असते, रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो. अंगदुखी थांबली आणि रडणं थांबलं नाही, तर "व्हिटॅमिनच कमी होतं" म्हणून विषय मिटवू नका, मानसोपचार विभागात न्या. मेळाव्याच्या फॉर्मवरचा वर्णाचा रकाना या वर्षी खोडा. आणि आपली विहारं बघा. बहुतेक विहारांना अंगण आहे. रविवारी वंदना होते, बाकी सहा दिवस गेटला कुलूप असतं नाहीतर मुलांचं क्रिकेट चालू असतं. रोज एक तास ते अंगण मुलींना द्या. वाचायला, खेळायला, किंवा नुसतं बसायला. यासाठी शासन निर्णय लागत नाही, समितीचा ठराव पुरतो.

दोन वर्षांपूर्वी आईला मी माझ्याकडे मुंबईला आणलं. तळमजल्यावरची भाड्याची खोली. गुडघे दुखतात म्हणून तपासलं तर तिचं जीवनसत्त्व 11 आलं. शरीर उन्हाची पुंजी वर्षानुवर्षं जपून ठेवत नाही, काही महिन्यांत ती संपते. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "माझं बी सरलं म्हण की." आता ती रोज अकराच्या सुमाराला खुर्ची घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसते. तिला कोणी हटकत नाही, कारण तिचं वय झालंय. तिच्या शेजारी एखादी वीस वर्षांची मुलगी नुसती बसलेली मला अजून दिसलेली नाही.

जयभीम.